किलिमांजारो चढताना: शिखरावरचा उरलेला बर्फ नीट पाहता यावा यासाठी

किलिमांजारोवर जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, वर बर्फ कसा होता? बहुतेकांचं उत्तर दोन वाक्यांत संपतं. त्यात त्यांचा दोष नाही. मध्यरात्री निघून सहा-सात तास काळोखात चढायचं, पहाटे उहुरू या सर्वांत उंच टोकाच्या पाटीपाशी पोहोचायचं, तेव्हा हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला, बोटं बधिर, फोन थंडीने बंद पडलेला. पाटीसमोर रांग लावून एक फोटो आणि गाईडच्या घाईने लगेच उतरायला सुरुवात. ज्या हिमनद्यांसाठी हा डोंगर जगभर ओळखला जातो, त्या दोन्ही हातांना असतात आणि माणूस त्यांच्यामधून झोपेत चालल्यासारखा निघून जातो.

शिखर गाठण्याचे सल्ले भरपूर मिळतात. इथे थोडं वेगळं सांगायचं आहे: मार्ग, दिवस आणि शेवटच्या रात्रीची वेळ अशी ठरवायची की वर पोचल्यावर पाहण्याइतकं डोकं शाबूत असेल, आणि समोर काय दिसतंय ते कळेल. सुदैवाने या दोन्ही गोष्टींना एकच तयारी लागते.

वर किती उरलंय

विषुववृत्ताच्या जेमतेम तीन अंश दक्षिणेला, टांझानियात, ५,८९५ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी. त्याची तीन मुखं आहेत: शिरा, मावेन्झी आणि किबो. बर्फ फक्त किबोवर आहे. योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने १८४८ मध्ये हा हिमाच्छादित माथा पाहून कळवलं, तेव्हा लंडनच्या भूगोलतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढलं होतं. १८८९ मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर पहिल्यांदा शिखरावर पोचले. त्यांना वर जाण्यासाठी बर्फात कुऱ्हाडीने पायऱ्या खोदाव्या लागल्या. आज नेहमीच्या वाटांनी जाणाऱ्याला आइस-अ‍ॅक्स लागत नाही आणि एरवी क्रॅम्पॉनही (बुटांना बांधायचे लांब पोलादी काटे) लागत नाहीत. ताजा हिमवर्षाव झाला असेल तर मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटांवर चढवायचे छोटे काटे, घातले की भागतं.

१९१२ च्या सर्वेक्षणावरून काढलेला बर्फाचा विस्तार सुमारे ११.४ चौरस किलोमीटर होता. २०११ मध्ये तो १.७६ चौरस किलोमीटर उरला. म्हणजे शंभर वर्षांत पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास बर्फ गेला. त्यानंतरही घट थांबलेली नाही. विवराच्या आतली फुर्टवँगलर हिमनदी २००७ मध्ये मधोमध फुटून दोन तुकडे झाली, उत्तरेकडचा मोठा हिमपट्टाही २०१२ मध्ये दुभंगला. २००० साली हिमनद्यांचे अभ्यासक लॉनी थॉम्पसन यांच्या चमूने इथे बर्फाचे गाभे, म्हणजे खोलवर छिद्र पाडून काढलेले उभे नमुने, काढले होते. त्यातल्या सर्वांत खालच्या थराचं वय सुमारे ११,७०० वर्षं निघालं. २००२ मध्ये त्याच चमूने असंही लिहिलं की परिस्थिती अशीच राहिली तर २०१५ ते २०२० दरम्यान हा बर्फ संपेल. तसं झालं नाही. आता २०४० आणि त्यापुढच्या दोन दशकांच्या गोष्टी होतात. त्यामुळे 'पुढच्या वर्षी काहीच दिसणार नाही, लगेच बुक करा' अशा जाहिरातीला भुलू नका. एका वर्षाने तयारी करून गेलात तर बर्फ असेलच, आणि तुम्ही जास्त तंदुरुस्त असाल.

तो नेमका कशाने जातो

हे समजून घेतलं तर वर गेल्यावर दिसणारं चित्र वाचता येतं, म्हणून जरा थांबतो.

साधा समज असा की हवा तापली आणि बर्फ वितळून खाली वाहून गेला. किबोच्या माथ्यावर हे पुरतं लागू पडत नाही. तिथलं वर्षाचं सरासरी तापमान उणे सातच्या आसपास असतं. इतक्या थंड, कोरड्या, वाऱ्याच्या जागी आडव्या पृष्ठभागावरचा बराचसा बर्फ पाणी न होताच थेट वाफ होऊन उडतो. याला बराच खर्च येतो: एक किलो बर्फ वितळवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साडेआठ पट ऊर्जा तो थेट वाफ करायला लागते. ती ऊर्जा येते उन्हातून. आणि ऊन किती शोषलं जाणार हे ठरतं बर्फाच्या रंगावर. ताजा पांढरा हिम बहुतेक ऊन परत फेकतो. जुना, राखेने मळलेला बर्फ ते गिळतो.

म्हणून खरी गोम हिमवर्षावात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८८० च्या सुमारास, पूर्व आफ्रिकेची हवा एकाएकी कोरडी झाली. त्याच काळात तिथल्या तलावांची पातळीही उतरली. हिंदी महासागराच्या पृष्ठभागाच्या तापमानात झालेल्या बदलाशी संशोधक याचा संबंध जोडतात. वरचेवर पडणारं पांढरं पांघरूण कमी झालं, जुना बर्फ उघडा पडला आणि सूर्याने उरलेलं काम केलं. पृथ्वीचं तापणं यात नाही असं मुळीच नाही, महासागर तापला की पावसाचं गणितही बदलतं. पण माथ्यावर गरम वारा लागून बर्फ वितळला, इतकं सरळ ते नाही. आल्प्समध्ये पाहिलेलं डोक्यात ठेवून इथे याल तर गोंधळ होईल.

दुसरा एक समज इथेच मोडून टाकू. हिमनद्या गेल्या की पायथ्याच्या नद्या आटणार, असं वरचेवर लिहिलं जातं. इथल्या प्रवाहांना पाणी मुख्यतः मधल्या उंचीवरच्या जंगलपट्ट्यात पडणाऱ्या पावसाचं मिळतं. एवढ्याशा बर्फाचा वाटा नगण्य आहे. पाण्याची काळजी करायची तर जंगलाची करा. पहिल्या दिवशी तुम्ही त्याच जंगलातून चालता, शेवाळाने लगडलेल्या झाडांतून, बहुधा भिजत.

मार्ग: दिवस विकत घ्या

वर जाणाऱ्या नेहमीच्या वाटा सहा-सात आहेत. मारांगूवर झोपायला लाकडी झोपड्या आहेत आणि ती पाच दिवसांत उरकता येते, म्हणून ती सोपी समजली जाते. माझ्या मते हीच ती फसवी वाट. चढ सौम्य आहे हे खरं, पण शरीराला उंचीची सवय व्हायला वेळच मिळत नाही, शिवाय चढ-उतार एकाच वाटेने असल्याने बर्फाचं दर्शन सगळ्यांत तोकडं. घ्यायचीच असेल तर सहा दिवसांची घ्या, वाटेतल्या होरोम्बो मुक्कामी एक रात्र जादा काढून.

बर्फ पाहायचा असेल तर पश्चिमेकडून येणारी लेमोशो आठ दिवसांची, किंवा माचामे सात दिवसांची. या दोन्ही वाटा पुढे एकत्र होतात आणि किबोच्या दक्षिण कड्याखालून आडव्या जातात. त्या टप्प्यात हाईम, केर्स्टन आणि डेकेन या हिमनद्यांचे उरलेले तुकडे डोक्यावर लटकलेले दिसतात, दिवसाउजेडी आणि शुद्धीत. नऊ दिवसांची नॉर्दर्न सर्किट वाट उलट्या बाजूने, उत्तर उतारांवरून फिरते. तिथे गर्दी कमी आणि सवय उत्तम होते. पैसे आणि रजा असेल तर हीच. रोंगाई कोरडी आणि शांत आहे, पावसाच्या दिवसांत बरी. उंब्वे फार तीव्र, ती सोडून द्या.

वेस्टर्न ब्रीच या वाटेबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. ॲरो ग्लेशियर कॅम्पवरून ती थेट विवरात चढते आणि हिमनदीच्या अगदी जवळ पोचवते, त्यामुळे बर्फाच्या ओढीने जाणाऱ्याला ती खुणावते. पण वरच्या भेगांमध्ये दगडांना सिमेंटसारखा धरून ठेवणारा बर्फ गेला की दगड सुटे होतात. जानेवारी २००६ मध्ये इथे दरड कोसळून तीन अमेरिकी गिर्यारोहकांचा जीव गेला. त्यानंतर ती वाट काही काळ बंद होती. आता खुली आहे. जायचंच असेल तर हेल्मेट हवं, आणि उन्हं पडून दगड सैल होण्याआधी, पहाटेच्या गारठ्यात तो भाग पार करायला हवा. पहिल्यांदा जाणाऱ्याने जाऊ नये.

कधी जायचं, किती खर्च

मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने. माझी पसंती जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत: माथ्यावर ताजा हिम असण्याची शक्यता जास्त, सकाळी आकाश स्वच्छ. उलट सप्टेंबरात गेलात तर जुना बर्फ उघडा असतो आणि त्यातले धुळीचे थर जास्त चांगले दिसतात. सुंदर फोटो हवा की बर्फाची खरी तब्येत पाहायची, ते तुम्ही ठरवा. शक्य असेल तर पौर्णिमेच्या आसपासची तारीख धरा.

परवानाधारक गाईडशिवाय डोंगरावर पाऊल ठेवता येत नाही, हा नियम १९९१ पासूनचा. म्हणजे कंपनी निवडावी लागतेच. तिथे हिशोब असा करा: परदेशी प्रौढाला राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क दिवसाला ७० डॉलर, तंबूची जागा रात्रीला ५० डॉलर, बचावनिधी २० डॉलर आणि सगळ्यावर १८ टक्के व्हॅट. सात दिवस, सहा रात्रींचे साडेनऊशे डॉलर नुसते उद्यानालाच जातात. दर बदलतात, बुकिंगच्या आधी ताजे पाहून घ्या; पण या आकड्यावरून एक गोष्ट कळते. कुणी तुम्हाला हाच ट्रेक तेरा-चौदाशे डॉलरांत देत असेल, तर उरलेल्या साडेतीनशे-साडेचारशे डॉलरांत जेवण, तंबू, गाडी, गाईड आणि तीन-चार पोर्टर बसवायचे आहेत. कात्री कुठे लागणार हे सांगायला नको. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था पोर्टरांना नीट पगार, जेवण, निवारा देणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. त्या यादीतून निवड करा. पोर्टरला स्वतःच्या सामानासकट २० किलोंच्या वर ओझं देता येत नाही, त्यामुळे तुमची डफल बॅग १५ किलोंच्या आत हवी. बक्षिशी वेगळी, आणि ती ऐच्छिक नाही असंच समजून पैसे बाजूला ठेवा.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. पीतज्वराची लस: भारतातून थेट गेलात तर दाखला मागत नाहीत, पण केनिया किंवा इथिओपियात विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबा असेल तर लागतो. विम्याच्या कागदात ६,००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर-बचाव असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. अनेक पॉलिसी साडेचार हजारांवर थांबतात, आणि हे बारीक अक्षरांत असतं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही डोंगरावर चालत नाहीत.

तयारी आणि सामान

धावण्यापेक्षा पाठीवर आठ-दहा किलो घेऊन जिने चढा, आणि त्याहून जास्त, उतरा. शेवटच्या दोन दिवसांत चार हजार मीटरांहून जास्त उतार आहे. गुडघे तिथे बोलतात. तीन-चार महिने, आठवड्यातून एक लांब चाल, पाच-सहा तासांची. एवढं पुरे.

सामानात शिखररात्रीसाठी चार थर, जाड मिटन आणि आत पातळ हातमोजे, उणे १५ पर्यंतची स्लीपिंग बॅग, पायाच्या घोट्यावर गेटर, म्हणजे कापडी आवरण (वरचा उतार भुरभुऱ्या राखेचा आहे), ट्रेकिंग पोल, हेडटॉर्च आणि सुटे सेल. यूव्ही रोखणारा काळा चष्मा विसरू नका, बर्फाजवळ उजाडल्यावर त्याविना डोळे उघडता येत नाहीत. पाण्याच्या पिशवीची नळी रात्री गोठते; प्रत्येक घोटानंतर फुंकून पाणी मागे ढकला, आणि एक साधी बाटली मोज्यात गुंडाळून उलटी ठेवा, म्हणजे बर्फ बुडाशी धरेल, तोंडाशी नाही.

उंची

तीन हजार मीटरांवर गेल्यावर झोपण्याची जागा दिवसाला ३०० ते ५०० मीटरांपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य नियम. किलिमांजारोवरची एकही प्रचलित वाट तो पूर्ण पाळत नाही. म्हणून दिवस वाढवायचे, आणि 'वर चढा, खाली झोपा' हे कसोशीने पाळायचं. लेमोशो आणि माचामेवर लाव्हा टॉवरला ४,६०० मीटरांवर जाऊन सुमारे ३,९५० मीटरांवर बरांको कॅम्पला झोपायला उतरतात, ते याचसाठी. त्या दिवशी डोकं दुखतं, चिडचिड होते. कंटाळून शॉर्टकटने थेट बरांकोला जायचा मोह टाळा.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, ही उंचीचा त्रास टाळायची गोळी बहुतेक जण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि घरी एकदा घेऊन पाहा. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवी हे नेहमीचे परिणाम आहेत. गोळी घेतली म्हणून भरभर चढायची मुभा मिळत नाही. गाईड दिवसभर 'पोले पोले' म्हणत राहतात, हळू हळू. त्यांचा वेग चेष्टा वाटावी इतका मंद असतो; तोच ठेवा. चालताना बोलता येत नसेल तर तुम्ही जोरात चालताय.

डोकेदुखी, त्याबरोबर मळमळ किंवा थकवा, म्हणजे तिथेच थांबणं. औषधाने उतरली नाही तर खाली. दोन गोष्टींना मात्र चर्चा नाही: एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत सरळ रेषेत चालता न येणं, आणि बसल्या जागी धाप लागणं किंवा फेसाळ खोकला. पहिली मेंदूला सूज आल्याची खूण, दुसरी फुप्फुसात पाणी झाल्याची. रात्र असो, पाऊस असो, लगेच उतरायचं. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, माणसाकडे पाहा. आणि स्वतःची लक्षणं लपवणारा गटात एक तरी असतोच, बहुधा सगळ्यांत तंदुरुस्त दिसणारा.

शिखररात्र: वेळेची घासाघीस

लेमोशो-माचामेवरचा शिखराआधीचा शेवटचा मुक्काम, बाराफू कॅम्प, साधारण ४,६७० मीटरांवर. इथून रिवाजाने रात्री अकरा-बाराला निघतात, विवराच्या काठावरच्या स्टेला पॉइंटला उजाडताना पोचतात आणि पाऊण-एक तासात उहुरूवर. सूर्योदय सुंदर असतो, नाकारत नाही. पण बर्फ पाहायचा असेल तर कंपनीशी बुकिंग करतानाच उशिरा, पहाटे तीन-चारला निघण्याबद्दल बोला. थंडी कमी, गर्दी उतरून गेलेली, आणि स्टेला ते उहुरू हा टप्पा पूर्ण उजेडात. याची किंमतही आहे: दुपारी ढग भरून येतात आणि त्याच दिवशी खाली झोपायला उतरायचं असतं. म्हणून उलट फिरण्याची वेळ आधी ठरवा, समजा दुपारी बारा, आणि ती पाळा. आठ-नऊ दिवसांच्या वाटेवर, डोकं न दुखणाऱ्यांनीच हे करावं.

दुसरा पर्याय क्रेटर कॅम्प, ५,७०० मीटरांवर विवराच्या आत, फुर्टवँगलरच्या शेजारी रात्र. बर्फ पाहायला याहून चांगली जागा नाही आणि झोपायला याहून वाईट नाही. तिथून आजारी माणसाला उतरवताना आधी विवराच्या काठापर्यंत चढवावं लागतं, हा खरा धोका. आधी पाच हजारांवर राहिल्याचा चांगला अनुभव असेल, गाईडकडे ऑक्सिजन असेल, तरच.

स्टेलापासून काठाने जाताना डावीकडे दक्षिण उतारावर रेबमान हिमनदीचे अवशेष, पुढे डेकेन आणि केर्स्टन. उजवीकडे खाली विवरात फुर्टवँगलर, त्यापलीकडे दूर उत्तरेचा हिमपट्टा. पहिल्यांदा नजरेत भरतात त्या भिंती. उताराला पसरत जाणारी हिमनदी डोळ्यांसमोर असेल तर हे चमत्कारिक वाटतं: सपाट राखेच्या मैदानावर एकदम उभी, कापून काढल्यासारखी बर्फाची भिंत, कुठे कुठे काही मजली इमारतीएवढी उंच. वरचा पृष्ठभाग थंड राहतो आणि वाफ होऊन हळूहळू झिजतो. उभ्या भिंतीवर मात्र ऊन अंगावर येतं, तिथे दुपारी बर्फ खरोखर वितळतो. भिंतीला लोंबणाऱ्या बर्फाच्या कांड्या दिसल्या तर हेच चाललेलं आहे. म्हणून इथला बर्फ बाजूंनी आत सरकत जातो, आणि भिंत एकदा मागे सरली की पुन्हा पुढे यायला तिला काही आधारच उरत नाही. आडव्या करड्या रेघा म्हणजे धुळीचे, कोरड्या काळांचे थर. माथ्यावर दातांसारखी टोकं उभी असतील तर तिथे वाफ होण्याचं काम जोरात आहे.

भिंतीच्या तळाशी जाऊन हात लावायची हौस नको. तुकडे न सांगता पडतात. उंचीच्या दीडपट अंतर ठेवा.

फोटो घेताना थोडी शिस्त पाळलीत तर त्याला नंतरही अर्थ राहतो. फोन रात्रभर आतल्या खिशात, अंगाला लागून. पाटीजवळून, मग पाटीकडे पाठ करून विवराच्या दिशेने, मग दक्षिणेला, असे तीन तरी रुंद फोटो, ज्यात मागची डोंगररेषा आणि एखादा ओळखता येणारा खडक येईल. फोनचं लोकेशन चालू ठेवा, तारीख-वेळ बरोबर आहे का ते आदल्या दिवशी पाहा. झूम करून काढलेला नुसता निळसर बर्फ सुंदर दिसतो, पण जागा कळत नाही. काठावरून, वाटेवरच्याच ठिकाणांवरून काढलेला फोटो पाच वर्षांनी दुसऱ्याच्या फोटोशेजारी ठेवता येतो. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही, नेऊच नका.

पंधरा-वीस मिनिटांहून जास्त वर रेंगाळू नका, अगदी बरं वाटत असलं तरी. गरम काहीतरी प्या, दोन घास खा, आणि उतरायला लागा. उतरताना राखेच्या घसरड्यावर टाच रोवून, गुडघे सैल ठेवून चाला. बाराफूला तासभर आडवे व्हा, मग म्वेका कॅम्प, ३,१०० मीटर. तिथे श्वास परत येतो, भूक परत येते, आणि बूट काढल्यावर नखं काळी पडलीत का ते कळतं. दुसऱ्या दिवशी म्वेका गेटवर नोंदवहीत सही, प्रमाणपत्र, आणि बक्षिशी. ती सगळ्या चमूसमोर, प्रत्येकाच्या वाट्याची रक्कम मोठ्याने सांगून द्या, म्हणजे शेवटच्या पोर्टरपर्यंत ती पोचते.